लिनक्सवरील ड्रायव्हर आणि फर्मवेअरच्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत, विशेषतः टीपीएम २.० या सुरक्षा-चिपच्या अटीत न बसणारी पुष्कळ धडधाकट यंत्रे नागपुरातील घरांत, शिकवणी वर्गांत, वकिलांच्या आणि सनदी लेखापालांच्या कार्यालयांत होती. त्यांपैकी काहींवर लिनक्स बसवले गेले आणि त्यापाठोपाठ वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि पडदा यांच्या तक्रारी सुरू झाल्या. ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती मुख्यतः उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन वापरणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आज्ञा फोनवरून सांगाव्यात तशा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टाइप कराव्यात.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत नेमका फरक काय?

ड्रायव्हर हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग असतो आणि तो संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हे उपकरणाच्या आत असलेल्या छोट्या प्रोसेसरवर चालते. वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, आवाजाची चिप, एसएसडी, इतकेच काय पण काही प्रिंटरही आपल्या पोटात असा प्रोसेसर बाळगून असतात.

फर्मवेअरचेही दोन प्रकार आहेत. एक उपकरणाच्या कायमस्वरूपी स्मृतीत असते, उदाहरणार्थ मदरबोर्डचे बायोस. दुसरे उपकरणात मुळीच साठवलेले नसते. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर ते हार्ड डिस्कवरून उचलतो आणि उपकरणात भरतो. या फाइली लिनक्समध्ये ‘लिब’ या फोल्डरातील ‘फर्मवेअर’ या उपफोल्डरात असतात. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हा दुसरा प्रकार असतो.

म्हणून ‘हे हार्डवेअर लिनक्सवर चालते का’ हा एक प्रश्न नसून ते तीन प्रश्न आहेत. या चिपचा ड्रायव्हर आपल्या कर्नलमध्ये आहे का? तो त्या उपकरणाला जोडला गेला का? आणि जोडला गेल्यावर त्याला हवे ते फर्मवेअर मिळाले का? या तिन्हींची उत्तरे याच क्रमाने शोधली, तर अर्ध्या तासाच्या आत दोष कुठे आहे ते कळते. क्रम सोडून इंटरनेटवर सापडेल ती आज्ञा चिकटवत गेले, तर मूळ दोष एक असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चार होतात.

वाय-फायचे चिन्हच दिसत नाही. सुरुवात कुठून करावी?

आधी चिप ओळखावी. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे एक जागा सोडून वजाचे चिन्ह व ‘एनएनके’ ही अक्षरे लिहावीत. संगणकातील प्रत्येक पीसीआय उपकरणाची नोंद दिसेल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे लिहिलेली ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन संख्या असतात आणि त्यांच्यामध्ये विसर्गचिन्ह असते. पहिली संख्या उत्पादकाची असते : ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरी त्या विशिष्ट चिपची असते. ही जोडी कागदावर उतरवून घ्यावी, कारण पुढचा सगळा शोध तिच्याच आधारे करायचा आहे.

त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल, तर ड्रायव्हर जोडला गेला आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. ती ओळ नसेल पण ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल, तर ड्रायव्हर उपलब्ध आहे, मात्र तो उपकरणाला जोडलेला नाही. दोन्ही ओळी नसतील, तर बहुधा आपल्या कर्नलला ही चिप माहीतच नाही.

एक साधी गोष्ट मात्र याहीआधी तपासावी. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिल्यावर ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ दिसले, तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ दाबली गेलेली आहे. वाय-फायच्या ड्रायव्हरशी त्याचा बहुधा संबंध नसतो.

यूएसबीला लावायच्या वाय-फाय डोंगलच्या खोक्यावर ‘लिनक्सवर चालतो’ असे छापले होते, तरी तो चालत नाही. असे का?

खोक्यावरचे नाव हे विक्रीचे नाव असते आणि कर्नल ते वाचत नाही. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अनेक वर्षांपासून आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची पूर्णपणे वेगळी चिप आली. नाव तेच, बाहेरचा आकारही जवळजवळ तोच, पण ड्रायव्हर निराळा. नागपूरच्या बर्डीतील दुकानात विचारले, तर दुकानदार प्रामाणिकपणे ‘तोच आहे’ असे सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. मागच्या बाजूच्या लेबलावर बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो. पैसे देण्यापूर्वी तो पाहावा.

ग्राफिक्स कार्डांतही हेच घडते. सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकांत सर्रास सापडणारे एनव्हिडियाचे जीटी ७३० हे कार्ड काही खोक्यांत फर्मी पिढीच्या चिपसह आले आणि काहींत केप्लर पिढीच्या. या दोन पिढ्यांना वेगवेगळ्या मालिकेचा ड्रायव्हर लागतो. त्यामुळे ‘माझ्याकडे ७३० आहे, कोणता ड्रायव्हर टाकू’ या प्रश्नाला चिपचा क्रमांक कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

यूएसबी डोंगलच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. काही डोंगल जोडल्यावर आपण सीडी ड्राइव्ह असल्याची बतावणी करतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यावर ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसला, तर समजावे की डोंगल अजून त्याच सोंगात आहे. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज त्याला खऱ्या रूपात आणते, आणि मग क्रमांकही बदलतो. ड्रायव्हर शोधायचा तो या बदललेल्या क्रमांकाचा.

लॉगमध्ये ‘फर्मवेअर लोड फेल्ड’ आणि पुढे ‘उणे २’ असे येते. याचा अर्थ काय?

कर्नलच्या भाषेत उणे २ म्हणजे ‘अशी फाइल सापडली नाही’. ही चांगली बातमी आहे. चिप ओळखली गेली, ड्रायव्हर जोडला गेला आणि फक्त फाइलीपाशी काम अडले. ‘सुडो डीमेसेज’ (दुसरा शब्द डी-एम-ई-एस-जी असा लिहावा) या आज्ञेचे उत्तर ‘ग्रेप’ने गाळून ‘फर्मवेअर’ हा शब्द असलेल्या ओळी पाहाव्यात. ड्रायव्हर कोणती फाइल मागत आहे, तिचे नाव त्या ओळीत अक्षरशः लिहिलेले असते. ती फाइल बहुतेक वेळा ‘लिनक्स-फर्मवेअर’ या पॅकेजात असते आणि डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-रिअलटेक’, ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ अशा वेगवेगळ्या पॅकेजांत.

मात्र अशी प्रत्येक ओळ दोष दाखवत नाही. इंटेलचा वाय-फाय ड्रायव्हर आधी त्याला माहीत असलेली सर्वांत नवी फर्मवेअर आवृत्ती मागतो. ती नसेल तर एक पायरी खाली उतरतो, मग आणखी एक, आणि सापडेपर्यंत उतरत जातो. त्यामुळे लॉगमध्ये उणे २ च्या तीन-चार ओळी येतात आणि त्यांच्याखाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ येते. ती ओळ आली असेल, तर वरच्या ओळींकडे दुर्लक्ष करावे. याच ड्रायव्हरची ‘योयो’ हे नाव असलेल्या फाइलीबद्दलची कुरकुरही निरुपद्रवी आहे. त्या फाइलीच्या शोधात लोकांनी अख्खा रविवार घालवलेला पाहिला आहे.

फाइल हाताने आणून ठेवायची असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की कर्नल ५.३ पासून एक्सझेड आणि ५.१९ पासून झेडएसटीडी पद्धतीने दाबलेली फर्मवेअर फाइल कर्नलला थेट वाचता येते. म्हणून फोल्डरात नावापुढे ‘झेडएसटी’ असे शेपूट असलेली फाइल दिसली, तर ती ‘चुकीची’ समजून काढून टाकू नये. दुसरी, आणि अधिक वेळा विसरली जाणारी गोष्ट अशी की ग्राफिक्सचा ड्रायव्हर बहुधा मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच, इनिटरॅमएफएस या प्रारंभिक प्रतिमेतून चालू होतो. आपण फाइल फोल्डरात ठेवली, पण ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा वजा ‘यू’ जोडून चालवली नाही, तर ती फाइल त्या प्रतिमेत पोहोचतच नाही. मग फाइल डोळ्यांना दिसत असूनही कर्नल ‘सापडली नाही’ असेच म्हणत राहतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

वाय-फाय चालत नाही म्हणजे इंटरनेटच नाही. मग पॅकेज आणायचे कसे?

मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. अँड्रॉइड फोन लिनक्सला तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी, केवळ चार्जिंगची नको.

डेबियन ११ वरून १२ वर आल्यापासून फर्मवेअरची अद्यतने येत नाहीत. का?

डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचा निर्णय केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत तो अमलात आला. त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग निघाला. नव्याने बसवलेल्या यंत्रात तो विभाग आपोआप येतो. जुन्यावरून चढवलेल्या यंत्रात पॅकेज-स्रोतांच्या यादीत तो आपल्याला हाताने जोडावा लागतो.

ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. गिटहबवरून घ्यावा की कर्नल नवा करावा?

शक्य असेल तेथे कर्नलच नवा करावा. रिअलटेकच्या वाय-फाय चिपांचे उदाहरण घेऊ. ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर कर्नल ५.२ मध्ये आला. स्वस्त लॅपटॉपांत भरपूर वापरलेली ८८२१सीई ही चिप त्यात ५.९ मध्ये सामील झाली. तिच्यानंतरच्या वाय-फाय ६ च्या चिपांसाठी ‘आरटीडब्ल्यू८९’ हा नवा ड्रायव्हर ५.१६ मध्ये दाखल झाला. म्हणजे तीच चिप जुन्या कर्नलवर मृत आणि नव्यावर काहीही न करता जिवंत असू शकते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत एचडब्ल्यूई नावाची सोय आहे, जिच्यामुळे मूळ आवृत्ती तीच ठेवून कर्नल पुढचा घेता येतो. उबुंटू २२.०४ हे कर्नल ५.१५ वर निघाले आणि याच वाटेने ६.८ पर्यंत पोहोचले. डेबियनमध्ये हेच काम ‘बॅकपोर्ट्स’ करते.

गिटहबवरील, म्हणजे लोक आपापले कोड जेथे मांडतात त्या संकेतस्थळावरील, ड्रायव्हर हा शेवटचा उपाय ठेवावा. त्यामागे तत्त्वापेक्षा व्यवहार अधिक आहे. कर्नलचे अंतर्गत सांधे (ड्रायव्हर जेथे कर्नलला जोडले जातात ते इंटरफेस) स्थिर ठेवायचे नाहीत, असे त्याच्या विकासकांनी जाणीवपूर्वक ठरवलेले आहे. जे ड्रायव्हर कर्नलच्या आत आहेत, त्यांची दुरुस्ती सांधा बदलणाराच करतो. जे बाहेर आहेत, त्यांची दुरुस्ती कोणीतरी हौसेने करीपर्यंत ते मोडलेलेच राहतात. आज चालणारा असा ड्रायव्हर पुढच्या कर्नलबरोबर बंद पडेल, हे गृहीत धरूनच तो बसवावा.

नवा कर्नल आपल्या हार्डवेअरला मानवेल का, हे काहीही न बसवता पाहता येते. सर्वांत ताज्या उबुंटूचा किंवा फेडोराचा पेन ड्राइव्ह तयार करावा, त्यावरून यंत्र ‘लाइव्ह’ सुरू करावे आणि वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासावेत. तेथे चालले तर प्रश्न कर्नलच्या वयाचा आहे. तेथेही चालले नाही, तर वाद घालण्यात अर्थ नाही आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे वळावे.

काल रात्री अद्यतन केले आणि आज सकाळी वाय-फाय किंवा पडदा बंद. आता काय करावे?

घाबरू नये, कारण जुना कर्नल अजून यंत्रातच आहे. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणावा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा आणि दिवसाचे काम सुरू करावे. शोध संध्याकाळी घेता येतो. जुन्या कर्नलवर सारे सुरळीत असेल, तर दोष हार्डवेअरचा नाही हे येथेच सिद्ध झाले.

कारण बहुधा डीकेएमएसमध्ये सापडते. बाहेरून आणलेली मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे ड्रायव्हरचे तुकडे, नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधण्याचे काम ही यंत्रणा करते, पण त्यासाठी तिला नेमक्या त्याच कर्नलची ‘हेडर्स’, म्हणजे बांधणीसाठीच्या फाइली, लागतात. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज नसेल, तर कर्नल नवा येतो, हेडर्स येत नाहीत आणि मॉड्यूल बांधले जात नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा कोणते मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बसले आहे ते सांगते. नव्या कर्नलचे नाव त्या यादीत नसेल, तर आधी हेडर्स बसवावीत आणि मग ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ चालवावे.

मॉड्यूल बांधले गेले, पण ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे म्हणून चालू होत नाही. हे काय आहे?

हा सिक्युअर बूटचा पहारा आहे. तो चालू असताना ओळखीची सही नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. वितरणाबरोबर, म्हणजे उबुंटू, मिंट किंवा डेबियनबरोबर, आलेल्या मॉड्यूलांवर सही असते. आपल्या यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलवर आपली सही लागते आणि ती सही कोणाची हे यंत्राच्या फर्मवेअरला आधी कळवावे लागते. अशा सहीच्या चावीला मॉक, म्हणजे ‘मशीन ओनर की’, म्हणतात.

बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते, म्हणून ते ठिकाण नीट सांगतो. ‘मॉकयूटिल’ या आज्ञेने चावी नोंदवताना एक पासवर्ड विचारला जातो. तो केवळ एकदाच, पुढच्या सुरुवातीला लागणार असतो. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर एक निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबा असे सांगून काही सेकंद उलटे मोजतो. आपण तेवढ्यात चहा आणायला उठलो, तर पडदा निघून जातो, यंत्र नेहमीसारखे सुरू होते आणि नोंदणीची विनंती रद्द झालेली असते. मग सारे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून यंत्रासमोर बसून राहावे, कळ दाबावी, ‘एनरोल मॉक’ निवडावे आणि तो पासवर्ड द्यावा. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, त्यामुळे पासवर्डमध्ये साधी अक्षरे आणि आकडेच ठेवावेत.

सिक्युअर बूट बंद करणे हाही उपाय आहे आणि पुष्कळ जण तोच करतात. परंतु त्याच यंत्रावर विंडोजही असेल आणि त्यात डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाती असल्याशिवाय बायोसमध्ये हात घालू नये.

यंत्र सुरू होताना पडदा काळाच राहतो. ‘नोमोडसेट’ लिहिल्यावर दिसतो. तसेच ठेवावे का?

ठेवू नये. ग्रबमध्ये ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहिला की कर्नल ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावर काम भागवतो. यंत्रात शिरण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण तीच कायम ठेवली, तर व्हिडिओ अडखळतात, प्रकाशमान कमी-जास्त होत नाही आणि दोष ड्रायव्हरचा आहे असे वाटत राहते, जेव्हा ड्रायव्हर आपणच बंद ठेवलेला असतो.

एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर आत शिरल्यावर पिढी ओळखून योग्य मालिका बसवावी. फर्मी पिढी ३९० या मालिकेपाशी आणि केप्लर ४७० पाशी थांबली. या दोन्ही मालिकांची देखभाल कंपनीने थांबवली आहे, त्यामुळे अशा जुन्या कार्डांसाठी कर्नलमधील नूव्हो हा मुक्त ड्रायव्हरच अधिक शहाणपणाचा ठरतो. वेग कमी मिळतो, पण लिहिण्या-वाचण्याच्या आणि व्हिडिओ पाहण्याच्या कामाला तो पुरतो. ट्युरिंग आणि पुढील पिढ्यांसाठी कंपनीने मे २०२२ मध्ये आपली कर्नल मॉड्यूल खुली केली आणि ब्लॅकवेल पिढीला तर हीच खुली मॉड्यूल लागतात. उबुंटू आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर सुचवेल तीच मालिका घ्यावी. कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘रन’ प्रकारची फाइल उतरवून चालवणे टाळावे, कारण तिची नोंद पॅकेज व्यवस्थेकडे राहत नाही आणि पुढच्या अद्यतनात गुंता होतो.

आवाजाच्या यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसते. का?

इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत आवाजाचे काम एका स्वतंत्र सिग्नल प्रोसेसरकडे असते आणि त्याला ‘साउंड ओपन फर्मवेअर’ लागते. उबुंटू आणि डेबियनमध्ये ते ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’ या पॅकेजात आहे. ते बसवून यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे. यादीत खरे कार्ड दिसत असेल आणि तरी आवाज नसेल, तर ‘आल्सामिक्सर’ उघडून एखाद्या पट्टीखाली दोन ‘एम’ तर नाहीत ना, एवढे पाहावे.

प्रिंटर काल चालत होता. वीज जाऊन आली आणि आज तो मुका झाला. काय झाले असेल?

जिल्हा न्यायालयाभोवतीच्या कार्यालयांत अजूनही निष्ठेने काम करणारा एचपी लेझरजेट १०२० घेऊ. या प्रिंटरच्या कायम स्मृतीत त्याचे फर्मवेअर नसते. प्रत्येक वेळी वीज आल्यावर संगणकाने ते यूएसबीवरून त्याला पाठवावे लागते. वीज क्षणभर गेली, संगणक यूपीएसवर चालूच राहिला आणि प्रिंटर तेवढा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. रांगेत काम जाते, ‘पूर्ण’ असा शेराही मिळतो, पण प्रिंटरचा दिवा लुकलुकत नाही आणि कागद हलत नाही. यूएसबी केबल काढून पुन्हा लावली की उपकरण जोडल्याची दखल घेणारा यूडेव्हचा नियम जागा होतो, फर्मवेअर पाठवले जाते, आतली मोटर एकदा घरघरते आणि छपाई सुरू होते. ती घरघर ऐकू आली की पुढचे काम निश्चिंतपणे पाठवावे.

हे फर्मवेअर एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरच्या प्लगइनमधून येते आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणून यंत्रणा अद्ययावत केल्यावर ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा पुन्हा एकदा चालवावी.

वाय-फाय चालते, पण राउटरला खेटून बसल्यावरच. हा ड्रायव्हरचा दोष आहे का?

असू शकतो, आणि तो फार मजेशीर प्रकारचा असतो. त्रिमूर्तीनगरातील एका परिचितांचा लॅपटॉप याच तक्रारीने आला होता. राउटर बैठकीच्या खोलीत, आणि शेजारच्याच खोलीत सिग्नल शून्य. चिप रिअलटेकची ८७२३बीई होती, ड्रायव्हर जोडलेला होता, फर्मवेअर चढलेले होते, म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी होती. शेवटी मागचे झाकण उघडले. कार्डावर अँटेनाच्या दोन खुंट्या होत्या आणि लॅपटॉप बनवणाऱ्याने एकाच खुंटीला वायर जोडली होती. ड्रायव्हर दुसऱ्या, मोकळ्या खुंटीवर कान देऊन बसला होता. या ड्रायव्हरला ‘अँट_सेल’ नावाचा पर्याय आहे. ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरात एका ओळीची फाइल करून त्याची किंमत २ केली, मॉड्यूल काढून पुन्हा चढवले आणि सिग्नल गच्चीपर्यंत पोहोचला. काही यंत्रांत ही किंमत १ लागते. दोन्ही करून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

मे महिन्यात यंत्र अचानक मंद होते. नव्या कर्नलमुळे असे होते का?

नागपुरात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना हा प्रश्न विचारण्यापूर्वी पंख्याच्या जाळीकडे पाहावे. ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ आणि त्यापुढे ‘थ्रॉटल्ड’ असे शब्द असलेली ओळ आली, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवत आहे. जुन्या कर्नलवर परत जाऊन पाहावे. तेथेही तेच होत असेल, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. धर्मपेठेतील एका शिकवणी वर्गात या कारणासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा बदलून झाला होता. डबा उघडला तेव्हा हीटसिंकवर धुळीची गोधडी निघाली. कूलरच्या झोतात ठेवलेल्या यंत्रांत ही धूळ दमट होऊन अधिकच घट्ट बसते.

बायोसचे फर्मवेअर लिनक्सवरून अद्ययावत करता येते का?

अनेक कंपन्यांच्या यंत्रांत येते. ‘एफडब्ल्यूयूपीडी’ ही सेवा एलव्हीएफएस या सामायिक भांडारातून फर्मवेअर आणते. भांडारात फाइली ठेवण्याचे काम उत्पादक स्वतः करतात. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर’ या आज्ञेपुढे ‘रिफ्रेश’, मग ‘गेट-अपडेट्स’ आणि शेवटी ‘अपडेट’ एवढेच करायचे असते. बायोस लिहिले जात असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर हे काम करूच नये, आणि मृगाच्या वादळी संध्याकाळी तर यूपीएस असूनही पुढे ढकलावे.

इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नाही, झाकण मिटल्यावर बॅटरी संपते, बोटाचा ठसा किंवा डिजिटल सहीचे टोकन चालत नाही. यांचे काय?

डिस्क दिसत नसेल, तर बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ आहे का ते पाहावे आणि ती ‘एएचसीआय’ करावी. पण त्याच डिस्कवर विंडोज असेल, तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी, नाहीतर तेच सुरू होणार नाही. झाकण मिटल्यावरच्या झोपेच्या बाबतीत ‘सिस’ फोल्डरातील ‘पॉवर’मध्ये ‘मेम_स्लीप’ ही फाइल वाचावी. तीत ‘डीप’ हा शब्दच नसेल, तर यंत्राच्या फर्मवेअरने ती झोप देऊच केलेली नाही आणि ड्रायव्हर ती निर्माण करू शकत नाही. बोटाच्या ठशाच्या वाचकांपैकी अनेकांना ‘लिबएफप्रिंट’ या ठसे वाचणाऱ्या लायब्ररीचा आधार नाही. यादीत आपला क्रमांक नसेल, तर विषय तेथेच सोडावा. सहीचे टोकन हे स्मार्ट कार्डच असते. ‘पीसीएससीडी’ सेवा चालू असावी आणि टोकनच्या उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेली, टोकनशी बोलणारी पीकेसीएस ११ लायब्ररी ब्राउझरला दाखवावी लागते.

दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतात. त्याने फरक पडेल का?

तेच वितरण, तोच कर्नल पुन्हा बसवला तर क्वचितच. फाइल गहाळ होती ती पुन्हाही गहाळच राहील. फरक पडला तर तो बहुधा नवी आवृत्ती बसल्यामुळे पडतो, आणि ती काहीही न पुसताही घेता आली असती.

इतके करूनही चालले नाही. हार्डवेअर बदलायचेच असेल, तर काय पाहून घ्यावे?

लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड बहुतेक वेळा सुटे असते, आणि ते बदलणे हा आठवडाभराच्या डोकेफोडीपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. इंटेलचे एएक्स२१० हे कार्ड कर्नलमधील ड्रायव्हरवर चालते. त्याच्याशी नावाने भावंडासारखे दिसणारे एएक्स२०१ किंवा एएक्स२११ मात्र चुकूनही घेऊ नये. ती सीएनव्हीआय पद्धतीची आहेत, त्यांचे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांच्या आतच होते आणि इतर यंत्रांत ती खाचेत नीट बसूनही कधीच जागी होत नाहीत. काही लॅपटॉपांचे बायोस ठरावीक कार्डेच स्वीकारते, त्यामुळे दुकानातून घेताना परत करण्याची बोली आधीच करून ठेवावी.

जुन्या लॅपटॉपांत मिनी-पीसीआयई खाच असते, नव्यांत एम.२ असते, आणि दोहोंच्या अँटेनाच्या टोप्यांचा आकारही वेगळा असतो. एम.२ ची टोपी अधिक बारीक असून ती नखाने ओढली तर तुटते. बॅटरी सोडवावी, जुन्या कार्डाचा आणि वायरींचा मोबाइलवर जवळून फोटो काढावा, कोणती वायर कोणत्या खुंटीवर होती ते त्यात स्पष्ट दिसते ना याची खात्री करावी आणि मगच स्क्रू काढावा.